पलीकडे म्हणजे कुठे

विल्सन्स बीच, कॅम्पोबेलो बेट
९ फेब्रुवारी २००९

प्रिय आर्डी,

काल सामान आणायला लुबेकला जाताना पुलापलीकडच्या अमेरिकन नाक्यावरच्या माणसानं एक कागद हातात ठेवला. १ जूनपासून पासपोर्ट लागणार. मी त्या माणसाला म्हटलं, बाबा, मी पॅरिसला नाही निघाले, बटाटे आणायला निघाले. तो हसला, पण कागद काही परत घेतला नाही.

तुला काय सांगायचं, तू इथेच वाढलीस. देश आपला कॅनडा आणि बेटाला पूल एकच, तोही अमेरिकेत उतरणारा. बेटावरच्या दुकानात डबे, सिगारेटी आणि परवाचा पाव. पीठ, दूध, भाजी, मटण, सगळं पुलापलीकडे. आपल्याच देशातल्या मोठ्या दुकानात जायचं म्हटलं तरी अमेरिकेतून तास-दीड तास गाडी हाकायची आणि मग पुन्हा कॅनडात शिरायचं. उन्हाळ्याचे तीन महिने बोट असते, बाकी नऊ महिने पूल. इतकी वर्षं नाक्यावर मला एकच प्रश्न विचारला गेलाय, कुठे निघालात. जाताना मी सांगते, दुकानात. येताना सांगते, घरी.

आता मुद्द्याचं. पासपोर्टला जन्माचा दाखला हवा आणि माझा दाखलाच नाही. लग्नात आणि पेन्शनला बाप्तिस्म्याच्या कागदावर भागलं, आता भागत नाही. आपल्या प्रांताच्या फ्रेडरिक्टनच्या कचेरीनं कळवलंय की या नावाची नोंद आमच्याकडे नाही. आजीच्या बायबलात आजीच्या अक्षरात एवढंच आहे: विल्डा, १४ मार्च १९४१, पलीकडे. घरात सगळे म्हणायचे, लुबेकला डॉक्टरकडे झालीस. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. कोणत्या घरात, कोणता डॉक्टर, एवढं आठवून कळव.

तुला स्वतःला या भानगडीत पडायचं कारण नाही म्हणा. या बेटावर पुन्हा राहायला येणार नाही, असं चौऱ्याहत्तर साली माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तू सांगितलंस आणि शब्द पाळलास. बरंच झालं. हॅरॉल्ड गेल्यापासून घरात मी एकटी आहे, माझ्या पद्धतीनं चाललंय, आणि मध्ये कुणाची लुडबुड मला नकोय.

तुझी,
विल्डा


सेंट जॉन
२ मार्च २००९

प्रिय विल्डा,

तुझं पत्र मिळालं. तेही बिचारं अमेरिकेतूनच फिरून आलं असणार. उत्तराला उशीर झाला, माफ कर.

जन्माचं म्हणशील तर मी लहान होते. त्या दिवशी थंडी होती आणि मला कुणीतरी पावाला गूळपाक लावून दिला होता, एवढं आठवतं. लुबेकच्या गावकचेरीत विचारून बघ.

पण मी म्हणते, हा खटाटोप कशाला? अडुसष्टची होशील. जिना उतरला की माझ्यासमोर दुकान आहे. रात्री आठपर्यंत उघडं असतं आणि दारात कुणी विचारत नाही की बाई, तुम्ही कोण आणि पिशवीत काय. मागची खोली मी झाडून ठेवली आहे. तिला खाडीकडची खिडकी आहे. घर विकून टाक आणि ये.

लुडबुड करणार नाही.

तुझी,
आर्डिथ


विल्सन्स बीच
३० मार्च २००९

प्रिय आर्डी,

तुझं अक्षर बघून वाटलं, लाटांवर बोटीत बसून लिहिलंस. एक ओळ दुसरीच्या डोक्यावर चढलीय. चष्मा बदल.

लुबेकच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या बाईनं तीन जाडजूड वह्या काढल्या, १९४० ते ४२. मार्चात त्या गावात सात मुलं झाली आणि त्यात मी नाही. ती म्हणाली, सापडली असतीस तर आमचीच झाली असतीस. मी म्हटलं, आभारी आहे, पण मला फक्त तुमचे बटाटे हवेत. म्हणजे आता माझी परिस्थिती अशी की अलीकडे म्हणतात पलीकडे झाली आणि पलीकडे म्हणतात इथे झाली नाही. शेजारचा मर्ल मला हल्ली पाण्यातली म्हणतो.

मग आपल्या बाजूच्या कचेरीत विचारायला सेंट स्टीफनला गेले. तिथेही फॉर्म मिळाला, उत्तर नाही. आलेच आहे तर म्हणून सामान भरलं आणि त्यात संत्र्यांची एक जाळी घेतली, तिथे चुकले. परत अमेरिकेत शिरताना नाक्यावर म्हणाले, संत्री नेता येणार नाहीत. मी जाळी दाखवली. त्यावर फ्लोरिडा छापलं होतं. मी विचारलं, ही तुमचीच ना? तो म्हणाला, बाई, एकदा कॅनडात गेली की ती परत येऊ शकत नाहीत. मी म्हटलं, जूनपासून माझंही हेच होणार आहे.

टोपलीत टाका म्हणाला. मी गाडी बाजूला घेतली आणि बारातली नऊ तिथेच बसून खाल्ली. उरलेली तीन आणि सगळी सालं त्याच्या टोपलीत नीट रचून ठेवली. दोन दिवस पोटानं मला फैलावर घेतलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

घर विकायचं नाव काढू नकोस. हे घर हॅरॉल्डनं स्वतःच्या हातानं बांधलंय आणि त्याच्या मागच्या दारातून मला आपल्या आईची कबर दिसते. मी माझं सामान स्वतः आणणार आणि माझ्याच घरात आणणार. फक्त आठव. पावाला गूळपाक कुणी लावला, तो कुणाच्या घरात खाल्लास?

तुझी,
विल्डा


सेंट जॉन
२२ एप्रिल २००९

प्रिय विल्डा,

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या ग्लेनिसबाई लिहीत आहेत, मी सांगते आहे. माझं मनगट मुरगळलं आहे. काळजीचं काही नाही. ग्लेनिसबाई शाळेत शिकवायच्या, त्यामुळे शुद्धलेखन यावेळी चांगलं असेल.

गूळपाकाचं मला आठवत नाही.

तू किती दिवस लढणार आहेस? समज, कागद मिळाला. आणखी दहा वर्षांनी गाडी कोण चालवणार? बर्फात पुलावर कोण जाणार? एक मनुष्य मला म्हणत होता, बेटावरच्या घरांना उन्हाळ्यापुरते येणारे लोक चांगला भाव देतात. मी तुझ्या भल्याचं सांगते.

मागच्या खोलीला नवे पडदे लावले आहेत.

तुझी,
आर्डिथ


विल्सन्स बीच
४ जून २००९

आर्डी,

१ जूनला मी मुद्दाम गेले. यादी केली, पिशव्या घेतल्या, सकाळी नऊला पुलावरून पलीकडे उतरले. नाक्यावर मला कागद देणारा तोच होता, गेली वीस वर्षं आहे तो. हॅरॉल्डच्या अंत्यविधीला टोपी हातात घेऊन मागे उभा होता. त्यानं खाली बघत विचारलं, विल्डा, मिळाला का गं पासपोर्ट? मी म्हटलं, नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला. तो म्हणाला, मला तुला गाडी वळवायला सांगावी लागतेय. त्याचा काय दोष? मी गाडी वळवली. आपल्या बाजूच्या मुलीनं सवयीनं विचारलं, काय आणलंत? मी रिकाम्या पिशव्या दाखवल्या.

बेटाची रीत तुला माहीत आहे. जो पलीकडे जातो तो शेजारच्यांच्या याद्या घेऊन जातो. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या याद्या नेल्या आणि कधी कुणाचा एक कांदा चुकवला नाही. आता माझी यादी मर्लच्या खिशात असते. बटाटे लिहिले तर त्यानं रताळी आणली. पीठ लिहिलं तर केकचं तयार पाकीट, वर चित्र बघून घेतलेलं. भला माणूस आहे, मी आभार मानते आणि तो गेला की रताळ्यांकडे बघत बसते. दुसऱ्याच्या हातानं आणलेलं खाऊन जगायचं असेल तर मग तुझी मागची खोलीच काय वाईट, असं एकदा मनात आलं. त्याचा मला इतका संताप आला की मी उठून सगळी जमीन घासून काढली.

आता नीट वाच. फ्रेडरिक्टनचं उत्तर आलंय. नोंद उशिरानंही करता येते. जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसानं शपथेवर लिहून द्यायचं आणि त्या काळचा एखादा कागद जोडायचा. आई नाही, बाबा नाहीत, आजी नाही, डेव्हिड काका नाही. सगळ्या जगात तू एकटी उरलीस.

आर्डी, तू तिथे होतीस की नव्हतीस? हो किंवा नाही, एवढंच लिही. तुझ्या ग्लेनिसबाईंना एका शब्दाचे कष्ट पडणार नाहीत.

विल्डा


विल्सन्स बीच
१६ ऑगस्ट २००९

आर्डिथ,

दहा आठवडे झाले. तुझं उत्तर नाही.

बोट सुरू झाल्यापासून मी दर गुरुवारी जाते. इथून डियर बेट, तिथून दुसरी बोट, मग दुकान, मग सगळं उलट. सकाळी सातला निघते, संध्याकाळी सातला येते, आणि पूर्ण वेळ आपल्याच देशात असते, त्यामुळे कुणी काही विचारत नाही. तळघरात आत्ता दोन पोती बटाटे, चाळीस किलो पीठ, गूळपाकाचे सहा डबे आणि खारवलेलं डुकराचं मांस आहे. मर्ल म्हणाला, युद्ध लागणार आहे का? मी म्हटलं, लागलेलं आहे. पण दूध आणि कोबी काही मार्चपर्यंत टिकत नाही, आणि २० सप्टेंबरला बोट बंद.

त्या गुरुवारांपैकी एखाद्या दिवशी मी तशीच पुढे तुझ्याकडे येऊ शकले असते. दोनदा तुझ्या गावाच्या फाट्यापर्यंत आले आणि परत फिरले. रागानं आले नाही, हे उघड सांगते.

पण घरी येऊन तुझी पत्रं काढून बसले. मनगट चार महिने मुरगळलेलं राहत नाही. आणि मार्चमधल्या पत्रात मनगट ठीक होतं, तरी ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. मला ते आधी दिसायला हवं होतं, मी मात्र चष्म्यावरून चेष्टा केली. तुला काय झालंय? ते आधी लिही. माझ्या दाखल्याचं नंतर लिहिलंस तरी चालेल.

विल्डा


सेंट जॉन
२८ सप्टेंबर २००९

प्रिय विल्डा,

ग्लेनिसबाई लिहीत आहेत. मी त्यांना सांगितलं आहे की मी बोलेन ते जसंच्या तसं लिहा, मध्ये मी रडले तर तेवढं वगळा.

माझे डोळे गेले आहेत. सगळे नाही. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुझं पत्र समोर धरलं की कागदाचे कोपरे दिसतात आणि मजकूर नाही. डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं. समोरच्या दुकानात मी जाते, पण घरी येऊन कळतं की मी दुधाऐवजी ताक आणलं. तुझी रताळी वाचून ग्लेनिसबाई हसल्या. मी हसले नाही.

आता तुझं. हो, मी तिथे होते.

तू लुबेकला झाली नाहीस. तेव्हा पूल नव्हता. त्या पहाटे डेव्हिड काकानं आईला आणि मला होडीत घातलं आणि लुबेकच्या डॉक्टरकडे निघाला. बाबा आधीच पलीकडे होते, मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात त्यांची पाळी होती. ओहोटी उलटली, अरुंद भागात पाणी असं धावायला लागलं की होडी तिरकी झाली. अर्ध्यातून परत फिरलो. किनाऱ्याला लागलो तिथे सर्वांत जवळ हेरिंग मासे धुरवायची खोपटी होती. तिथे तू झालीस. डोक्यावर काठ्यांना माशांच्या माळा, खाली लाकडाच्या भुशाचा धूर, आणि मी दार धरून उभी. गूळपाक-पाव मला तिथे, काकानं धावत जाऊन आणलेल्या सुईणबाईनं दिला, मी रडायची थांबावं म्हणून. होडीत नव्हे, पाण्यात नव्हे, आणि पलीकडे तर नव्हेच. तू आपल्या बेटाच्या मातीवर झालीस.

आईला त्याची फार लाज वाटली. मासळीच्या खोपटीत बाळंत झाले, असं लोकांनी म्हणू नये. तिनं मला शपथ घातली. आणि तिला खोटंही बोलावं लागलं नाही, कारण बाबांनी कारखान्यात बातमी कळल्यावर त्यांच्या भरती-ओहोटीच्या वहीत लिहिलं: पलीकडे मुलगी झाली, दोघी सुखरूप. ते लुबेकला उभे होते, विल्डा. त्यांच्या पलीकडे म्हणजे आपलं बेट. आजीनं तो शब्द तसाच उचलून बायबलात उतरवला आणि बेटावर बसून वाचणाऱ्यानं तो लुबेक समजला. आपण लोक दोन्ही काठांना पलीकडेच म्हणतो, आणि अडुसष्ट वर्षं कुणी विचारलं नाही की लिहिणारा कुठे उभा होता.

ती वही माझ्याकडे आहे. बाबा गेल्यावर मी ती उचलली, तुला विचारलं नाही. सोबत पाठवते. मुखपृष्ठावर कारखान्याचा शिक्का आहे आणि त्या पानावर त्या दिवसाची तारीख आणि भरतीची वेळ. शपथपत्रही वकिलासमोर करून जोडलं आहे. सही वाकडी आहे, पण वकील म्हणाला चालेल. आईला मी वर गेल्यावर उत्तर देईन.

हे सगळं मी मार्चमध्येच लिहू शकले असते. लिहिलं नाही, ते आईच्या शपथेमुळे नाही. मला वाटलं, तुला कागद मिळाला नाही तर तू इथे येशील. मला कुणीतरी हवं होतं, आणि ते मागायला मला जमलं नाही. म्हणून तुझं घर विकायला सांगत राहिले. असं वागायला नको होतं.

पाकिटाच्या तळाशी अजून एक कागद आहे. तो शेवटी बघ.

तो माझ्या पासपोर्टची नक्कल आहे. तारीख वाच, ३ फेब्रुवारी. तुला नाक्यावर कागद मिळाला त्याच्या आधी. आंधळ्या होत चाललेल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं सेंट जॉनमध्ये बसून पासपोर्ट कशाला काढला असेल? ईस्टरला तुझ्याकडे यायचं आणि विचारायचं की राहू का, असं ठरवलं होतं. मग तुझं पत्र आलं, लुडबुड नको म्हणणारं. त्यानंतर मी पडदे शिवायला दिले.

तुझी,
आर्डी


विल्सन्स बीच
१७ डिसेंबर २००९

प्रिय आर्डी,

हे पत्र ग्लेनिसबाईंनी तुला मोठ्यानं आणि सावकाश वाचून दाखवावं.

पासपोर्ट परवा आला. फोटोत हसायचं नाही म्हणाले, त्यामुळे मी अगदी आईसारखी दिसते. पण चौथ्या ओळीत छापलंय, जन्मस्थान कॅम्पोबेलो. ते मी मर्लला दाखवलं आणि पाण्यातली म्हणायला बंदी केली. आता तो मला धुरवलेली म्हणतो. खोपटीची गोष्ट मी सगळ्या बेटाला सांगितली आहे. आईची लाज आपण दोघींनी पुरेशी सांभाळली.

काल पलीकडे गेले. नाक्यावर तोच होता. त्यानं पासपोर्ट उघडला, बराच वेळ बघितला, मिटला आणि विचारलं, कुठे निघालात? मी सांगितलं, दुकानात. बटाटे एकेक करून निवडले, वीस मिनिटं लावली. तळघरात पोतं असताना.

तुझं सप्टेंबरचं पत्र आलं तेव्हा मी इतकी चिडले की दोन दिवस त्याला हात लावला नाही. मग तो शेवटचा कागद पुन्हा पाहिला. तुझी तारीख ३ आणि माझं पत्र ९. माझ्या एका ओळीनं तुझी दहा महिन्यांची वाट अडवली, आणि ती ओळ खरी नव्हती. एकटं राहणं मला जमतं, आवडत नाही. तूही लिहायला हवं होतंस. दोघी सारख्याच. आता पुरे.

आधी दाखल्यासाठी, मग पासपोर्टसाठी थांबले होते, म्हणून आजवर आले नाही. पत्रात तुला ये म्हणायचं आणि मी पुलाच्या अलीकडे अडकलेली, हे मला पटलं नसतं.

मंगळवारी येतेय. सकाळी आठला तयार राहा. खालच्या मजल्यावरची जिन्यासमोरची खोली तुझी, पाच पावलांवर चूल, सात पावलांवर दार. मी मोजून दोरी बांधली आहे. पडदे घेऊन ये, खिडकीला तेच लावू. डोळ्यांचे डॉक्टर सेंट जॉनलाच ठेवायचे, महिन्यातून एकदा मी नेईन आणि आणतेवेळी सामान भरेन. ग्लेनिसबाईंना उन्हाळ्यात बोटीनं बोलाव, त्यांना खोपटी दाखवू.

संत्री घेऊ नकोस. तू विसरशील म्हणून तुझ्या पिशव्या मी स्वतः तपासणार आहे.

दोन नाके लागतील. पहिल्यावर गप्प बसायचं, तिथे मी बोलेन. दुसरा आपला, पुलाच्या या टोकाचा. तिथली मुलगी विचारेल, काय आणलंत. मी सांगेन, पीठ, कोबी, दूध, चहा. मग ती खिडकीतून वाकून तुझ्याकडे बघेल आणि विचारेल, आणि या कुठे निघाल्या?

तेव्हा उत्तर तू द्यायचंस. एकच शब्द आहे, येताना मी जन्मभर तोच सांगत आलेय. घाबरून पलीकडे म्हणू नकोस.

तुझी,
विल्डा